जिवंत माणसाचा विलाप

शेजारच्या गावात कुणी मेलं आणि रडायला दुसऱ्याच बाईला बोलावलं, तर आमच्या अतारा वन्सं त्या मेलेल्या माणसावर रुसायच्या. "एवढ्या वर्षांची ओळख, आणि मेल्यावर त्या घोगरीला बोलावलं!" असं म्हणत चूल फुंकत बसायच्या.

अतारा वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे, आमच्याच घरी राहायच्या. विलाप गाणं हा त्यांचा धंदा. प्रेतापुढे केस मोकळे सोडून त्या गायच्या आणि मी मागे बासरी वाजवायची. माझ्या बासरीला कुणी बरं म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "फुंकायला काय लागतं? वारासुद्धा फुंकतो," म्हणायच्या.

पण गळा मात्र होता बाईंना. विलापाची चाल लंगडी असते. एक ओळ लांब, पुढची तोकडी, जणू मध्येच दम तुटला. वन्संनी ती तोकडी ओळ सोडली की वैऱ्याच्याही डोळ्यांत पाणी यायचं. आणि खोटं एक अक्षर त्या गात नसत. कुणी गेलं की आधी घरोघर फिरून त्याची करणी विचारायच्या, कुणाला खाऊ घातलं, कुणाचं हरवलेलं मेंढरू शोधून आणलं. ऐकलं तेवढंच गायचं, पदरचं घालायचं नाही.

त्या वर्षी द्राक्षांच्या सणाला आमच्या बेथ-रिम्मोन गावात नुसता धुमाकूळ होता. कुंडात पोरी द्राक्षं तुडवत होत्या, बाप्ये पिऊन गात होते, वेदीवर चरबी जळत होती. आणि तेवढ्यात वेशीकडून विलापाची चाल ऐकू आली.

सगळं गाव जागच्या जागी थिजलं. आयाबाया पोरांची नावं घेत धावल्या. बायकांनी केस सोडले. माझ्या नवऱ्याने तर नवाकोरा अंगरखा गळ्यापासून टरकन फाडला. रडत, धडपडत सगळे वेशीत पोचलो, तर तिथे अंगाला तरट गुंडाळून अब्दोन उभा. हा अब्दोन झऱ्यावर कपडे तुडवून धुणारा साधा माणूस, आवाज फुटक्या मडक्याचा.

"कोण गेलं रे?" माझा नवरा ओरडला.

"तुम्ही," अब्दोन म्हणाला, आणि पुन्हा गायला लागला.

"हाय माझं गाव, द्राक्षं तुडवणारं,
विधवेलाही तुडवणारं!
सणाचा धूर वर वर चढला,
परमेश्वराने नाक धरलं!"

मग त्याने हग्लाचं नाव घेतलं. हग्ला विधवा, तिचा द्राक्षमळा गावातल्या बड्या जक्कूरच्या मळ्याला लागून. तिच्या हद्दीचा दगड सरकवला कुणी आणि वेशीत न्यायाला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी जक्कूरच्या भेटवस्तू घेऊन डोळे मिटले कसे, हे त्याने त्या लंगड्या चालीत सांगितलं. हे थांबलं नाही तर गावाचं प्रेत उचलायलाही कुणी उरणार नाही, म्हणाला. जक्कूरच्या पंगतीला जेवणारे संदेष्टे आमच्याकडे होतेच, पण ते भरल्या पोटी भरलं पीकच सांगायचे. असलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बायका तोंडावर पदर घेऊन रडत होत्या. जक्कूरचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मला वाटलं, वन्संनाही हुंदका आलाय. जवळ जाऊन बघते तर त्या दात खात होत्या.

"माझी चाल चोरली मेल्याने! आणि सूर बघितलास? एक तरी जागेवर होता? तरी ह्या भवान्या रडतायत!"

त्या दिवसापासून वन्संना अन्न जाईना. भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि तसाच ठेवायच्या. "मी आयुष्यभर गायले," त्या म्हणायच्या, "लोक रडले, जेवले, घरी गेले. कुणाचा रंग नाही उडाला कधी. परमेश्वराला गळाच हवा होता तर माझ्याकडे यायचं. धुणं बडवणाऱ्याकडे काय म्हणून गेला?"

पुढे तर त्या रोज गावाबाहेरच्या जुन्या, डेरेदार एलाच्या झाडाखाली जाऊन बसायला लागल्या. वर बघत, तोंड किंचित उघडं ठेवून, परमेश्वराचा शब्द येतोय का म्हणून वाट बघायच्या.

"वन्सं, माशी जाईल," मी म्हटलं.

"तू गप गं. तुझ्या बोलण्याने अडतो तो."

शेवटी न राहवून त्या झऱ्यावर अब्दोनकडे गेल्या. मी घागर घेऊन मागोमाग होतेच. अब्दोन गुडघाभर पाण्यात कपडे तुडवत होता.

"कसा येतो रे तुला तो शब्द?"

"येत नाही आत्या, पडतो. अंगावर. नको म्हटलं तरी. बायको माझ्याशी बोलत नाही, कपडे कुणी धुवायला टाकत नाही. हे माझेच धुतोय."

"मग मला दे ना!"

"देता आला असता तर तुम्ही मागायची वाट बघितली असती का?"

वन्सं तरातरा घरी आल्या. त्याला मिळालंय ह्याचं दुःख होतंच, त्यात त्याला ते नकोय म्हटल्यावर तर त्यांच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

आणि त्याच संध्याकाळी जक्कूर आमच्या दारात आला. आमच्या गावाची एक जुनी रीत होती: ज्याचा विलाप वेशीत रिकाम्या तिरडीपुढे गायला गेला, तो जिवंत असला तरी गावाला मेला. त्याला पाणी नाही, विस्तव नाही, त्याच्याशी बोलणं नाही. त्याने मुकाट्याने गाव सोडायचं.

"अताराबाई," जक्कूर म्हणाला, "अब्दोनचा विलाप तुम्ही गायचा. त्याला गाणं शिकवायला गावात तुमच्याशिवाय कोण आहे?"

नेमकं वर्मावर बोट ठेवलं लबाडाने. "गाते," वन्सं म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, त्याची पोरंबाळं कुठे जातील?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

सकाळी उठून त्या रीतीप्रमाणे अब्दोनची करणी विचारायला निघाल्या. हग्लाच्या दारात जरा थबकल्या, मग आत गेल्या. हग्लाने सांगितलं, हद्दीचा तो दगड अब्दोनने भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पाठीवर वाहून जागेवर आणून ठेवला होता. जक्कूरच्या गड्यांनी तो पुन्हा सरकवला. अब्दोनने पुन्हा आणला. तिसऱ्या खेपेला त्यांनी त्याची बरगडी मोडली, तेव्हा कुठे तो गायला लागला.

"कुणी कुणी बघितलं?" वन्संनी विचारलं.

"सगळ्यांनी. तुझ्या भावानेसुद्धा."

वन्सं उठल्या. पुढच्या घरी गेल्या, त्याच्या पुढच्या घरी गेल्या. सवयीने त्या जक्कूरची करणीही विचारत होत्या. लोक चुलीकडे बघायला लागायचे, नाहीतर पोराला उगाच हाक मारायचे.

दुपारी वेशीत गाव जमलं. रिकामी तिरडी ठेवली. एका बाजूला अब्दोन मान खाली घालून उभा, त्याची बायको पोराला कवटाळून. मी बासरी ओठांना लावली आणि वन्संनी केस सोडले.

काय गायल्या! त्यांनी दगड गायला, पाठ गायली, मोडलेली बरगडी गायली. "त्याने वाहिला दगड भर उन्हात, आम्ही सावलीत होतो," अशी ती तोकडी ओळ त्यांनी सोडली आणि माझा नवरा दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. वेशीत एकही माणूस दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा देईना.

जक्कूर मात्र हसला. "छान गायलात. काहीही गायलं असलं तरी विलाप तो विलाप. मेला तो. काढा त्याला बाहेर."

रीतीने तो खरंच बोलत होता. वन्संनी गाऊन त्याला मारलं होतं. अब्दोनच्या बायकोने टाहो फोडला. वन्सं पांढऱ्याफटक पडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिल्का, फुंक."

"आता कुणासाठी?"

"तू फुंक तर."

मी सूर धरला. वन्सं तिरडीच्या दुसऱ्या अंगाला गेल्या आणि गायला लागल्या, "हाय जक्कूर, आमच्या गावचा जक्कूर..." आणि थांबल्या. इथे करणी यायची. करणीच्या जागी नुसती बासरी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा "हाय जक्कूर" म्हटलं आणि पुन्हा गप्प झाल्या. भरपूर जागा सोडून वाट बघत होत्या, कुणी काही सांगतंय का म्हणून.

"कुणीतरी बोला ना!" जक्कूर ओरडला. "एवढ्यांना जेवू घातलंय मी!"

कुणी बोललं नाही. त्याच्या पंगतीचे संदेष्टेही बोलले नाहीत.

"झाला ह्याचाही विलाप गाऊन," वन्सं म्हणाल्या. "आता एकतर दोघं मेले, नाहीतर दोघं जिवंत. वडील मंडळींनी ठरवावं."

वडील मंडळींनी दाढ्या कुरवाळल्या आणि दोघं जिवंत ठरवले. तिन्हीसांजेला माझा नवरा खांदा खरचटून घेऊन घरी आला. सकाळी हग्लाचा दगड जागेवर होता, आणि ह्या खेपेला त्याला कुणी हात लावला नाही.

तुम्हाला वाटेल, वन्सं सुखावल्या असतील. छे! दुसऱ्याच दिवशी त्या झऱ्यावर हजर. "काय रे, ते तेच होतं का? मला आला होता का शब्द?"

"आला होता आत्या."

"मग पुन्हा कधी येईल?"

"सांगता येत नाही."

पुन्हा एलाचं झाड, पुन्हा उघडं तोंड. बड्या घरची बोलावणी कायमची बंद झाली, त्याचं त्यांना काहीच नव्हतं. शब्द अब्दोनकडे अजून येतो आणि आपल्याकडे येत नाही, एवढंच त्यांना खात होतं. वेशीत तो पुन्हा गायला उभा राहिला की त्या कानावर हात ठेवून घरी यायच्या, आणि भाकरी तशीच राहायची.

एकदा मी एकटीच पाण्याला गेले होते. अब्दोनच्या कपाळावर ताजी खोक होती, कुणीतरी दगड मारला होता. तो पाण्यात उभा राहून आमच्या घराकडे बघत म्हणाला, "शब्द एकदाच आला आणि सोडून गेला त्यांना. मला जळायला होतं गं तुझ्या नणंदेकडे बघितलं की."

मी घागर तिथेच टाकून घरी पळाले आणि वन्संना ते जसंच्या तसं सांगितलं.

"जळतो? माझ्यावर?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग भाकरी पुढे ओढली, आणि सणानंतर पहिल्यांदाच त्या पोटभर जेवल्या.