सुनंदाला मी डॉज मारला

मैत्रिणींनो, आज हळदीकुंकवासाठी पाच खण दोनशेला आणि पाच नारळ पावणेदोनशेला आणले. आमच्या शिवाजी पेठेतनं घरी येताना समोर सुनंदा दिसली. माझी वीस वर्षांची मैत्रीण. चैत्रात तिचे मालक गेले. ओटीचं सामान तिच्या नजरेला पडू नये म्हणून मी पटकन बोळात वळले.

मागनं तिचा खणखणीत आवाज आला, "काय गं मालू, मला डॉज मारतीस व्हय?"

बोळाच्या तोंडाशी असलेल्या दुकानातली माणसं हसली. फुटबॉलमुळं आमच्या पेठेत हुलकावणीचा हा शब्द घराघरात ठाऊक आहे.

जवळ येऊन तिनं पिशवीत बघितलं. "पाचच न्हवं? मला धरलं न्हाईस, बरं केलंस. मला बोलावलंस तर तुझी सासू देव्हारा धुऊन काढंल की!" एवढं बोलून ती निघून गेली.

तिला वाईट वाटेल म्हणून बोलवत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पण डॉज समोरच्या संघाला मारतात. सुनंदा तर दरवर्षी माझ्याकडची पहिली ओटी घेणारी. आज जपात मन लागलं नाही.

हळदीकुंकू शुक्रवारी आहे आणि मला तिला बोलवायचंच आहे. तुमच्यापैकी कुणी असं बोलावलं असेल, तर तिच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलू, तेवढं उलट टपाली कळवा.