टाकी फुल म्हणजे काय

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ट्रकच्या इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बनत. मी टेस्टिंगला होतो आणि बदलापुरात बेलवलीला राहत होतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या जनरल मॅनेजरांच्या कानावर ‘संशोधन भागीदारी’ हा शब्द पडला आणि तो त्यांना फार आवडला. आमचं नवं नोझल डिझेल वाचवतं, असं आम्ही म्हणत होतो. पण आम्हीच म्हणत होतो, ही अडचण होती.

म्हणून तिघे एकत्र आले. नोझल आमचं. चाचणी आखणार मुंबईच्या एका कॉलेजातले प्राध्यापक. आणि उल्हासनगरचे एक सिंधी ट्रान्सपोर्टवाले शेठ दोन सारखे, भरलेले ट्रक देणार. करार सात पानांचा झाला. ‘पक्षकार’ म्हणजे कोण आणि ‘गोपनीय’ म्हणजे काय, याच्या व्याख्या त्यात होत्या. सही करायला स्टेज, समई आणि एक बॅनर होता. बॅनरवर ‘संशोधन’मधला अनुस्वार पेंटरने शेवटच्या अक्षरावर दिला होता. फोटो निघाले. ज्यांना ट्रक चालवायचे होते ते दोघे ड्रायव्हर खाली ट्रकला टेकून उभे होते. त्यांना वर बोलवायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

चाचणी साधी होती. सकाळी बदलापूर रस्त्यावरच्या पंपावर दोन्ही टाक्या फुल करायच्या, कर्जतपर्यंत जाऊन यायचं, आणि त्याच पंपावर परत फुल करायच्या. रात्री ट्रक उल्हासनगरला शेठकडे जात, म्हणून सकाळी टाकी परत भरावी लागे. जितकं डिझेल मावलं तितकं गाडी प्याली. पहिल्या आठवड्यात दोन्ही ट्रकांना जुनीच नोझलं होती, म्हणजे आकडे सारखे यायला हवे होते. ते आले नाहीत. एक ट्रक रोज जास्त प्यायचा.

तो ट्रक चालवणारा बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा पन्नाशीचा माणूस होता. सगळे त्याला मामा म्हणत. ट्रकवाल्यांच्या जगात गाडी जास्त प्याली याचा एकच अर्थ होतो : ड्रायव्हरने वाटेत डिझेल काढून विकलं.

“साईं, माझा जुना माणूस आहे,” शेठ मला म्हणाले. “पण दुसरी गाडी कमी पिते ना? शनिवारपर्यंत बघतो. मग सोमवारी त्याला सांगायचं, घरी बस.”

प्राध्यापक जरा सभ्य होते. त्यांनी वहीत लिहिलं, ‘चालक अविश्वसनीय.’

शनिवारी मी मामांच्या केबिनमध्ये बसलो. नजर ठेवायला, असं कुणी म्हटलं नाही, पण मामांना ते कळलं होतं.

“पाठवलं का तुमाला?” त्यांनी गिअर टाकत विचारलं.

“बसावंसं वाटलं.”

“बसा की. इथं बसायला पावती लागत नाय.”

वांगणीच्या पुढे त्यांनी फडक्यातली भाकरी काढून अर्धी मला दिली. ट्रक कुठे थांबला नाही. डिझेल कुणी काढलं नाही. उतारावर गाडी न्यूट्रल केली नाही, हेही मी पाहिलं. संध्याकाळी पंपावर टाकी भरली. पंपवाला म्हणाला, “फुल.” मी आकडा लिहिला. परत जास्त.

मी कागदाकडे बघत राहिलो. मामा टाकीकडे बघत होते.

“फुल झाली,” ते म्हणाले. “पन सकाळची फुल येगळी.”

“वेगळी कशी?”

“सकाळी आपलं तोंड कर्जतकडं. आता अंबरनाथकडं. हितली जमीन उतरती हाय साहेब. टाकीचं तोंड एका टोकाला. सकाळी ते टोक खाली जातं, दुसऱ्या टोकाला हवा कोंडते, डिझेल तोंडाशी येतं. आता ते टोक वर. खरी भरते ती आता.”

“आणि दुसरी गाडी?”

“त्याला येताना पलीकडच्या टपरीचा चहा लागतो. म्हनून तो गाडी वळवून लावतो. दोनी टायमाला त्याचं तोंड कर्जतकडंच.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी रोज इचारलं, किती प्याली. कशी भरली, ते कुनी इचारलं नाय.”

घरी जाऊन मी सातही पानं वाचली. ‘फुल’ची व्याख्या कुठेही नव्हती.

सोमवारी सकाळी मी प्राध्यापकांना आणि शेठना पंपावर बोलावलं. मामांनी रोजच्यासारखी कर्जतकडे तोंड करून टाकी फुल केली, मग ट्रक वळवून तिथेच उभा केला आणि झाकण उघडलं. पंपवाल्याने परत नळी लावली. डिझेल आत जातच राहिलं. शेठ वाकून बघत होते. प्राध्यापकांनी खिशातलं भारी पेन काढून काँक्रीटवर आडवं ठेवलं. ते सावकाश गटाराकडे घरंगळत गेलं. पंपवाल्याने ते उचलून दिलं.

प्राध्यापकांनी ते रुमालाने पुसलं. मग त्यांनी वहीतलं ते वाक्य खोडलं आणि मामांना विचारलं, “आमच्या जागी तुम्ही असता तर कसं मोजलं असतं?”

माझ्या मते आमची भागीदारी सुरू झाली ती तेव्हा. त्याआधी नुसतं स्टेज होतं.

मामा म्हणाले, टाकीचा भरवसाच नको, वेगळा डबा लावा, इंजिनाला डिझेल त्यातूनच द्या आणि तो जाताना-येताना काट्यावर तोला. उल्हासनगरात काट्यांना तोटा नव्हता. शेठनी दुपारीच एक मागवला. डबा बसेपर्यंत काम अडू नये म्हणून मामांनी आमच्या वर्कशॉपमधला पांढरा ऑइलपेंट आणून पंपाच्या जमिनीवर चाकांच्या जागा आखल्या. दुसरा ड्रायव्हर म्हणाला, “मामा, माझा चहा?” मामा म्हणाले, “चालत जा. पाय हायेत ना?”

डबे बसल्यावर जुन्या नोझलचे दोन्ही ट्रकांचे आकडे जुळले, तरी मामा गाडी रेघेवरच लावत. मग नवी नोझलं लावली. त्यांनी डिझेल वाचवलं, आम्ही म्हणत होतो त्याहून बरंच कमी, पण रोज वाचवलं. जनरल मॅनेजर थोडे हिरमुसले. प्राध्यापक मात्र खूश होते. आकडा लहान असला तरी त्याच्या बाजूने कुणाशीही भांडता येईल, असं ते म्हणाले.

रोजच्या नोंदीच्या कागदावर खाली तीन सह्या लागत. प्राध्यापकांनी चौथी ओळ आखली आणि मामांपुढे धरली. शेठ म्हणाले, “साईं, ड्रायव्हर माझा, आणि सही तुमच्या कागदावर?” पण ते हसत होते, आणि ‘घरी बस’ हे शब्द त्यांनी परत काढले नाहीत.

मामांनी बोनेटवर कागद ठेवून सावकाश सही केली. मग त्यांनी ट्रककडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, “चाकं रेघेवर हायेत का, बघा बरं.”

मी वाकून बघितलं. होती.