गोदावरीत बुडवून पाहिलेली होडी

१४ नोव्हेंबर. सकाळपासून दोन लाइफ जॅकेटांना शिट्ट्या शिवत बसले होते. शिट्टी नुसती गळ्यात अडकवलेली चालत नाही, जॅकेटला पक्की जोडलेली लागते, असा शर्यतीचा नियम आहे. पंधरा मीटर ओढदोर, पाणी उपसायची बादली, एक वल्हं, सगळं यादीप्रमाणे झालं होतं. फक्त होडी नव्हती. मी रत्नागिरीला आणि होडी रेणापूरला, माझ्या भावाच्या गोठ्यात.

आमच्याकडे दर हिवाळ्यात छोट्या शिडाच्या होड्यांची किनाऱ्यालगतची शर्यत असते. आजवर मी मैत्रिणीच्या फायबरच्या होडीतून जायची. ती सुकाणू धरते, मी पुढे बसून शीड सांभाळते. या वर्षी तिची होडी फुटली, तेव्हा मला आमच्या वडिलांची, अण्णांची, होडी आठवली. एकोणीस तारखेपर्यंत होडीचा सुरक्षा दाखला जोडला तरच नाव नोंदवून घेणार होते. आमच्याकडचे परीक्षक मुलीच्या लग्नात अडकलेले. शर्यत घेणाऱ्या क्लबच्या परीक्षकांच्या यादीत मराठवाड्यातलं एकच नाव सापडलं: गायकवाड साहेब, नौदलातून निवृत्त, मूळचे भोकरचे, आता नांदेडला. फोन केला. म्हणाले, "सोळा तारखेला विष्णुपुरीजवळ घाटावर आणा. तिथं बुडवू."

संध्याकाळची एसटी धरली आणि कोल्हापूर, सोलापूर करत दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला उतरले. शेवटचे पाच तास शेजारच्या बाईंचं कोंबडीचं खुराडं माझ्या पायांवर होतं.

माझा भाऊ बालाजी स्टँडवर आला होता. मोटरसायकलवर बसता बसता म्हणाला, "आक्का, होडी पाहून वळखू येणार न्हाई तुला. लई मेहनत घेतलीय."

खरंच ओळखू आली नाही. देवणी गाईंच्या दावणीशेजारी दोन लाकडांवर ती उताणी ठेवली होती आणि तिच्यावर नाळेच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत गेरूचे लाल ठिपके होते. पोळ्याला बैलांच्या अंगावर उठवतात, अगदी तसे. पुढच्या टोकाला एक गोंडाही बांधला होता.

"हे काय रे?"

"पोळ्याचा गेरू शिल्लक होता. कोरीच कशी पाठवायची? लेकीच्या घरी चालली."

त्याची बायको सुमन आतून म्हणाली, "आक्का, ह्या होडीत सहा वर्षं पेंड भिजवली ह्यांनी. आता माया दाखवून राहिले."

जेवायला धपाटे (ज्वारीच्या पिठात कांदा-मिरची घालून थापलेले), दही आणि शेंगदाण्याची चटणी होती. मी पाच खाल्ले. रत्नागिरीत धपाटे करून पाहिले आहेत, पण तिथल्या ज्वारीला ही चव येत नाही, की माझ्या हाताला येत नाही, कोण जाणे.

ही होडी अण्णांनी नांदेडला बांधली. ते तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवत. मी अकरावीत होते, बालाजी दहा वर्षांचा. एका जुन्या मासिकातलं चित्र पाहून त्यांनी किनवटचा साग आणला आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मागच्या पत्र्याखाली काम केलं. शीड आईने मांजरपाटाचं शिवलं. रविवारी आम्ही गोदावरीत होडी लोटायचो तेव्हा कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत. अण्णांनी समुद्र कधीच पाहिला नाही. निवृत्त होऊन रेणापूरला आले तेव्हा घरातलं कपाट विकून टाकलं, होडी मात्र ट्रकवर घालून आणली.

सोळा तारखेला पहाटेच गावातल्या रफिकभाईंच्या टेम्पोत होडी चढवली. बारा फुटांतले तीन फूट मागून बाहेर, तिला लाल फडकं. चाकूर, अहमदपूर, लोहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी फुलावर होत्या आणि सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा वर येत होता. चहाला थांबलो तिथे प्रत्येक जण विचारायचा, "ही होडी कुठं चालली?" रफिकभाई दर वेळी नवं उत्तर द्यायचे. लोह्याला म्हणाले, "लातूरला पाणी जास्त झालं मनून नांदेडला परत करून राहिलो." लातूरची पाणीटंचाई माहीत असलेला सगळा ढाबा हसला.

गायकवाड साहेब घाटावर आधीच येऊन बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात चष्मा, हातात नियमांचा कागद. त्यांनी ठिपके पाहिले, गोंडा पाहिला. दोर मापला, शिट्टी स्वतः वाजवून पाहिली, डोलकाठीच्या तारा ओढल्या. मग पुढच्या आणि मागच्या बंद पेट्यांवर बोट वाजवलं. होडी उलटली तरी तिला वर धरायचं ते या पेट्यांनी.

"आत काय आहे?"

"भोपळे," बालाजी म्हणाला.

आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला वाळलेला भोपळा बांधून. अण्णांनी तेच भोपळे पेट्यांमध्ये भरले होते आणि वर फळी ठेवून पितळी स्क्रूंनी बंद केलं होतं. तेव्हा स्क्रू बालाजीने एकेक करून त्यांच्या हातात दिले होते.

"नियमात भोपळा न्हाई," साहेब म्हणाले. "पण भोपळा नको असंही लिहिलेलं न्हाई. बुडवून बघू. पाण्यानं भरलेली होडी दोन माणसांसकट दहा मिनिटं सपाट तरंगली पाहिजे. मग आतल्यांनीच उपसून काढायची."

मी आणि बालाजी जॅकेटं घालून बसलो. तो पुढे, मी मागे. साहेबांनी पाण्यात उतरून होडी कलंडवली. गोदावरीचं पाणी नोव्हेंबरातही अंगावर काटा आणतं. होडी भरली, आणि आमच्याभोवतीचं पाणी लाल व्हायला लागलं.

काठावर रफिकभाई ओरडले, "या अल्ला! आपाला लागलं! खून निघालं!" आणि चपलांसकट पाण्यात आले.

"गेरू हाय, भाई, गेरू!" बालाजी ओरडला. हसण्यात त्याच्या तोंडात पाणी गेलं. तेवढ्यात होडीचं पुढचं टोक त्याच्याखालून खाली गेलं. आधी हळू, मग एकदम. तो गळ्यापर्यंत बुडाला आणि मी मागे वर उचलले गेले. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

होडी काठाला ओढली. साहेबांनी पेटीवर पुन्हा बोट वाजवलं. "पुढच्या पेटीत काहीतरी गेलंय. उघडा. भोपळे काढून बंद डबे भरा, मी पुन्हा बघतो. मला चार वाजेपर्यंत वेळ हाय."

"उघडायची न्हाई," बालाजी म्हणाला.

"मग सही न्हाई."

"साहेब, अण्णानं मिटवलंय ते. त्यांच्या हातचं तेवढंच राहिलं जसंच्या तसं. शीड गेलं, वल्हं गेलं. न्हाई उघडणार."

"बालाजीराव, आत काय हाय ते मला दिसत न्हाई. न दिसणाऱ्या गोष्टीवर मी सही करत न्हाई. तुमच्या अण्णांनीही केली नसती, सुतार होते ते."

बालाजी टॉवेल गुंडाळून घाटाच्या पायरीवर बसला. मी पान्यांची पिशवी उघडली, स्क्रू-ड्रायव्हर काढला. मला दहा मिनिटं पुरली असती. पण होडी निम्मी त्याची, आणि अण्णा गेल्यापासून सहा वर्षं, पेंड भिजवत का होईना, त्यानेच सांभाळलेली. मी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या शेजारी पायरीवर ठेवला आणि ओली साडी पिळायला लागले. चार वाजले तर वाजले, शर्यत पुढच्या वर्षी, किंवा नाहीच, असं मनाशी धरलं. ते धरायला जड गेलं, हेही लिहून ठेवते.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आक्का, शर्यतीत तू पुढं बसती का मागं?"

"पुढं. मैत्रीण मागं, सुकाणूवर."

त्याने होडीच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं. उठला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पुढच्या पेटीचा पहिला स्क्रू फिरवला. चौदा स्क्रू होते. प्रत्येक काढून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला.

पुढच्या पेटीत पाच भोपळे होते. गोठ्यातल्या उंदरांनी खालची फट कुरतडून तिघांचा भुगा केला होता. मग मागची पेटीही उघडली, तिच्यातले चारही शाबूत. प्रत्येकावर अण्णांनी तापल्या खिळ्याने भोपळा कुठून आला ते लिहिलं होतं: 'देवणी, आत्याबाई'. 'रेणापूर, परसातला'. 'भोकर, बाजार'. गायकवाड साहेबांनी चष्मा लावून तो भोकरचा वाचला, दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं आणि जपून खाली ठेवला. "माल चांगला होता," म्हणाले.

रफिकभाई ढाब्यावरून तेलाचे रिकामे कॅन घेऊन आले. आम्ही ते धुतले, पुसले, झाकणं घट्ट केली आणि पेट्यांमध्ये ठासून बसवले. हलू नयेत म्हणून बालाजीने त्यांच्यावर कासऱ्याच्या दोरीची जाळी विणली, अशी की साहेबांनी दोनदा ओढून पाहिली तरी कॅन जागचे हलले नाहीत. फट लाकडाच्या पट्टीने बुजवली. पावणेचारला पुन्हा पाण्यात. या वेळी मी मुद्दाम पुढे बसले. होडी काठोकाठ भरली आणि तशीच राहिली. दहा मिनिटं आम्ही बहीण-भाऊ नदीच्या मधोमध छातीएवढ्या पाण्यात बसलो होतो आणि साहेब घड्याळाकडे बघत होते.

"आई म्हणायची, तुम्ही दोघं पाण्यातच बरे," बालाजी म्हणाला.

"बादली घे. उपस."

सही झाली. शाबूत सहा भोपळे बालाजीने पोत्यात भरले. "विहिरीला लागतील," म्हणाला आणि लातूरच्या एसटीत पोतं मांडीवर घेऊन बसला. खिडकीतून त्याने होडीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

टेम्पो मी आणि रफिकभाईंनी दोन दिवसांत रत्नागिरीला आणला. आंबा घाटात एकदा पंक्चर झालं, तेवढंच. वाटेत मला वाटत राहिलं की अण्णांची होडी आणायला गेले आणि घेऊन येतेय ती वेगळीच. लाकूड तेच, पण आतलं जे तरंगवतं ते बदललेलं. याचं वाईट वाटलं. पण जुनी होती तशीच आणली असती, तर ती फक्त अंगणात ठेवायला आणली असती.

एकोणीसला सकाळी क्लबात अर्ज भरायला बसले. दाखला जोडला. 'होडी बांधणाऱ्याचे नाव' असा एक रकाना होता. मी अण्णांचं नाव लिहिलं. मग त्याच्याखाली, जागा अपुरी होती म्हणून बारीक अक्षरात, बालाजीचं. कारकून म्हणाला, बाई, इथे एकच नाव लिहायचं असतं. मी म्हटलं, दोघांनी बांधली आहे. त्याने शिक्का मारला.