नकाराचं कारण

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एक फाइल वाचत होते. फोन ठेवला आणि तीच फाइल पुढे वाचत बसले. त्यात काही धीर नव्हता... महिनाभर दवाखान्याच्या खेपा घालून मी नुसती थकले होते.

आमचं काम मेडिकल कोडिंगचं. परदेशातल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा. मला हे ताईंनी शिकवलं. त्यांचं माहेर-सासर धुळ्याकडचं, पण संसार इकडे गुजरातेत: भेस्तानला दोन खोल्यांचं घर, नवरा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात. ऑफिसात मात्र त्यांच्यापुढे साहेबांचीही बोलती बंद. मी एकदा 'छातीत धडधड, खूप घाबरली' एवढ्यावरच पॅनिक डिसऑर्डरचा कोड लावला, तर म्हणाल्या, "घाबरायला काय, माझी सासू पालीलाही घाबरते. झटका अचानक आला का? पुन्हा पुन्हा येतो का? परत येईल म्हणून जीव टांगणीला असतो का? डॉक्टरांनी लिहिलंय का?" लिहिलं नसेल तर त्यांना विचारायचं. निदान आपण सुचवायचं नाही, आपल्या मनाने तर लावायचंच नाही.

ताई लिफ्टने कधी येत नसत. पाच मजले चढून येत आणि "वजन उतरवतेय," म्हणून हसत. बंद खोलीतल्या मीटिंगमधून मध्येच उठत, जिन्यात जाऊन बसत, दहा मिनिटांनी तोंड धुऊन परतत. रोज हीच लक्षणं वाचणारी मी. मला कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी काही सांगितलेलं नव्हतं, मग आपण कशाला सुचवायचं, असंच डोक्यात बसलेलं.

मग पोटात गाठ निघाली. एमआरआयला मी सोबत गेले होते. मशिनमध्ये अर्ध्या आत गेल्या आणि धडपडत बाहेर आल्या. आठवड्याने पुन्हा तेच. टेक्निशियनने गुजरातीत विचारलं, "बेन, ना पाडो छो?" म्हणजे, नको म्हणताय का? ताईंनी होकारार्थी मान हलवली आणि कागदावर 'पेशंटचा नकार' एवढंच लिहिलं गेलं. मी शेजारीच उभी होते. 'यांना बंद जागेत झटका येतो' एवढं एक वाक्य बोलले असते, तर गुंगीचं औषध देऊन तपासणी झाली असती. त्यानंतर ताईंनी दवाखान्याचं नावच काढलं नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तसंच औषध देऊन तपासणी केली, पण तोवर गाठ यकृतापर्यंत पोचली होती. त्या तीन महिन्यांबद्दल मला माझा राग येतो. थोडा ताईंचाही.

दहाव्यानंतर त्यांचे यजमान, आमचे दादा, एक वही घेऊन घरी आले. "इतलं लिखेल शे, माले कधी दखाडं नही," अहिराणीत म्हणाले. "तूच वाच, काय शे ते."

ताईंचं सुबक अक्षर. तीन वर्षांतला एकेक झटका: तारीख, वेळ, किती मिनिटं, हातांना मुंग्या, 'आता मरते असं वाटलं', नंतर किती दिवस धास्ती. कुठल्याही डॉक्टरने इतकी नीट फाइल मला कधी पाठवलेली नाही. प्रत्येक नोंदीखाली 'निदान' असं लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. ती जागा डॉक्टरांची, म्हणून ताईंनी स्वतःच्या आजारालाही नाव दिलं नव्हतं...

दादा माझ्याकडे बघत बसले होते.

"याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात," मी म्हणाले. कुणी न लिहिलेलं निदान मी पहिल्यांदाच तोंडाने बोलत होते.

त्यांनी वही मिटली. "यानी दवाई मिळस का?"

"मिळते," मी म्हणाले.