एका रविवारचा विमा

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या थोरल्याने फोनवर सहज सांगितलं, की तो शनिवारी स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवून आला आणि त्या एका दिवसाचा विमा त्याने आदल्या संध्याकाळी चहा पिता पिता मोबाइलवरच काढला. "पाच मिनिटं लागली," म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच कामासाठी मी एक अख्खा पावसाळा आणि वर दिवाळीची सुट्टी घालवली होती, आणि ते काम झालं नव्हतं. तुमच्या आईवडिलांनाही हे नीट माहीत नाही. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. तोवर दिसतंय तसं लिहून टाकते. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, पण ती तुम्हाला समजणार नाही, म्हणून शाळेतली मराठी लिहिते.

गोष्ट ऐंशी सालाच्या अलीकडची-पलीकडची. तेव्हा गाडीसाठी नाव नोंदवलं की सात-आठ वर्षं थांबावं लागे. आमची गाडी नोंदवली तेव्हा तुमच्या आजोबांचं नि माझं लग्नही व्हायचं होतं, आणि आली तेव्हा आमचा धाकटा मुलगा चालायला लागला होता. गावातली ती पहिलीच गाडी. फादरांनी येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि पुढच्याच आठवड्यात तिच्यात पहिली नवरी बसली. नाताळ संपल्यापासून ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत आमच्याकडे लग्नांची गर्दी असते, आणि तेवढे दिवस गाडी आमची राहत नसे. भाडं विचारणं म्हणजे अपमान. पण रिकाम्या हाताने कोणी येतही नसे. कोणी केळ्यांचा घड आणी, कोणी सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं, कोणी कोंबडा, कोणी पेट्रोल भरून देई.

आजोबा गोरेगावच्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक, आणि स्वतःची गाडी वाड्यांच्या कुंपणांमधून, बैलगाडीच्या मागे. आगाशीच्या बाजारात तर माणसं गाडीला हात लावून बाजूला करायची. जूनमध्ये एका संध्याकाळी ते घरी आले ते उभ्या उभ्याच सांगायला लागले. कारखान्यातली काही मंडळी जानेवारीतल्या एका रविवारी घाटावर जाणार होती. तिथे महायुद्धाच्या काळातली एक विमानांची धावपट्टी ओस पडली होती. ज्याने त्याने आपली गाडी आणायची आणि एकेकट्याने पळवायची. एकजण वेळ मोजणार.

"कोणाशी शर्यत नाही," ते म्हणाले. "पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. शेवटपर्यंत जायचं आणि पूर्ण ब्रेक दाबायचा. मी अजून एकदाही पूर्ण दाबलेला नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. तरी मी जेवणं झाल्यावर कपाटातून विम्याची पॉलिसी काढली आणि वाचली. ती मी वाचायला नको होती, असं पुढे पुष्कळदा वाटलं.

"अहो, शर्यतीत नुकसान झालं तर भरपाई नाही, असं लिहिलंय."

"शर्यत नाही म्हटलं ना. घड्याळाशी आहे."

"वेगाची चाचणी, हेही लिहिलंय."

"सगळे जाताहेत. कोणी ही पॉलिसी उघडली पण नसेल."

"मी उघडली ना आता."

ते हसले. "मग तूच विचार त्यांना. इंग्रजी तुझं."

ठरलं असं, की विमा मिळाला तर गाडी न्यायची, नाही तर नाही. गाडी मोडली असती तर दुसरीसाठी पुन्हा आठ वर्षं थांबायची माझी तयारी नव्हती. "कबूल?" मी विचारलं. "कबूल," ते म्हणाले. तुमच्या पणजीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला रागातही टीचर म्हणायच्या आणि कौतुकातही. त्या भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "टीचरने पेपर काढलाय. आता बघू पास कोण होतंय."

मी विमा कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. स्मरणपत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये उत्तर आलं, की खाजगी गाडीच्या पॉलिसीत हे बसत नाही, तरी विशेष बाब म्हणून विचार व्हायचा असल्यास गाडीचा आजवरचा सर्व उपयोग कळवावा. मला बरं वाटलं. सर्व उपयोग विचारलाय म्हणून मी वेगळा कागद घेतला, समास आखला आणि सहा मुद्दे लिहिले. कारखाना, चर्चमधली मिस्सा, दवाखाना, बाजार, कळंबला समुद्रावर. सहावा मुद्दा गावातल्या नवऱ्या मुलींचा. भाडं घेत नाही, असं स्पष्ट लिहिलं. आणि अर्धवट लिहायची सवय नसल्यामुळे घड, सुकेळी, कोंबडा आणि पेट्रोलही लिहिलं.

आमचा विमा एजंट आगाशीचा होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून तो मला बाई म्हणायचा. पत्र टपालात पडल्यावर मी त्याला माझी प्रत दाखवली. ती वाचून त्याने छत्री खाली ठेवली.

"बाई, हे काय केलंत?"

"त्यांनी विचारलं होतं."

"तो प्रश्न नसतो हो, ती रिकामी जागा असते. तिथे 'खाजगी' लिहायचं आणि सही ठोकायची. कोंबडा कशाला लिहिलात?"

ऑक्टोबरात दुसरं पत्र आलं. धावपट्टीसाठी विमा देता येत नाही, असं एका ओळीत. बाकीचं पान लग्नांवर होतं. वस्तू घेऊन प्रवासी नेणं हा मोबदला ठरतो, सबब गाडी भाड्याने वापरली जाते असं दिसतं, हा वापर बंद केल्याचं लेखी द्यावं, नाही तर पॉलिसी रद्द होईल. जानेवारीतल्या तीन लग्नघरांना आम्ही आधीच शब्द दिला होता.

सासूबाईंना मी ते पत्र आमच्या बोलीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "वा गं टीचर. अर्ज केला गाडी पळवायला, आणि होती ती पण दारात उभी केलीस."

दिवाळीच्या सुट्टीत मी विमा कंपनीच्या फोर्टातल्या ऑफिसात गेले. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा साहेब रजेवर होते, दुसऱ्यांदा फाईल दुसऱ्या मजल्यावर होती. तिसऱ्यांदा दोन्ही सापडले. साहेब वयस्कर, माझ्याहून थकलेले. त्यांनी माझा सहा मुद्द्यांचा कागद समोर धरला.

"शिक्षिका का?"

"हो."

"वाटलंच. समास सोडलाय." मग म्हणाले, "त्या धावपट्टीचं सोडून द्या. त्याला आमच्याकडे दरच नाही. दर नाही तर हप्ता कसला घेऊ?"

"विशेष बाब म्हणून विचार होईल असं तुम्हीच कळवलं होतं."

"ते छापील वाक्य आहे, बाई. विशेष बाब वर जाते. वर गेलेली खाली आलेली मी पाहिली नाही. आता या लग्नांचं बोला. कोंबडा घेता?"

"घेत नाही. ते देतात."

"परत करता?"

"परत केला तर भांडण होईल."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसायला लागला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, लग्नाचं आमंत्रण तुम्हाला असतं का? मी म्हटलं, गावातल्या प्रत्येक लग्नाचं असतं. "मग तुम्ही पाहुणे. पाहुण्याने नवरीला आपल्या गाडीतून नेलं, यजमानाने पाहुण्याला भेट दिली. याला भाडं म्हणत नाहीत. फक्त चालवणाऱ्याशिवाय तुमच्या घरचं एक माणूस पाहुणा म्हणून गाडीत पाहिजे. तसं लिहून द्या." मी तिथेच लिहून दिलं आणि सही केली. काम झालं होतं, पण ज्या कामासाठी जूनमध्ये निघाले होते ते नाही.

घरी आले तेव्हा आजोबा मागच्या दारी नारळ सोलत होते. मी म्हटलं, "नाही म्हणाले." ते "बरं" म्हणाले आणि पुढचा नारळ घेतला.

सासूबाईच म्हणाल्या, "अरे, जा की तसाच. घाटावर कोण विम्यावाला येतोय बघायला?"

आजोबांनी वर माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी "जा" म्हटलं असतं तर ते गेले असते. मी पिशवीतले कागद काढून नीट लावत राहिले. त्यांनी कबूल म्हटलं होतं, आणि ते शब्द फिरवणाऱ्यांतले नव्हते, हे मला माहीत होतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी ते पहाटे एका मित्राच्या गाडीतून गेले. तिथे दिवसभर उन्हात उभं राहून त्यांनी इतरांच्या वेळा लिहून घेतल्या. परत आले तेव्हा चेहरा रापलेला होता.

"कसं झालं?" मी विचारलं.

"छान झालं. सगळ्यांच्या गाड्या धड परत आल्या."

टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. जे झालं ते सांगितलं. मला मात्र ते वाक्य आजही ऐकू येतं. पुढच्या वर्षी ती धावपट्टी कुणीतरी ताब्यात घेतली आणि तसा रविवार पुन्हा आला नाही. मी विम्याचं विचारलं ते त्यांना जाता यावं म्हणून, की नकार माझ्या तोंडून न येता कंपनीकडून यावा म्हणून? तेव्हा मी स्वतःला पहिलंच सांगत होते. आता तसं ठामपणे सांगता येत नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पहिलं लग्न होतं. मी शाळेतून अर्धी रजा काढली, रेशमी साडी नेसले आणि पुढच्या सीटवर बसले. मागे नवरी, तिची आत्या आणि फुलं. सासूबाई दारातून ओरडल्या, "पाहुणे निघाले गं!" त्यानंतर गाडी होती तोवर प्रत्येक लग्नाला मी अशीच बसले, कारण लिहून दिलं होतं. कधी ताप असताना, कधी पेपर तपासायचे राहिलेले असताना. उपवासकाळ लागला की मला सुटल्यासारखं वाटे. आजोबा देवळापर्यंत, म्हणजे आमच्या चर्चपर्यंत, बैलगाडीच्या वेगाने चालवत. एकदा एका नवरीने मागून म्हटलं, "काका, जरा जोरात घ्या ना, मिस्साला उशीर होतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "रस्ता नाही, बाळ," एवढंच म्हणाले.

गाडी पुढे भंगारात गेली. आजोबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. गावातल्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये नवरीचा गाडीतला फोटो आहे. त्यात पुढे मी बसलेली दिसते, आणि कडेला स्टिअरिंगवरचे त्यांचे हात. ते फोटो अजून आहेत.