साडूंच्या नावावरची टाळी

देवानं जगातल्या मागच्या रांगेतल्या वादकांची काळजी एकाच माणसावर सोपवली आहे, आणि तो माणूस मुकुंदवाडीत राहतो. ते माझे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आमचं नातं. नाहीतर जॅझशी माझा जन्मात संबंध आला नसता. चितेगावच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना जॅझचं वेड कुठून लागलं, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. बरं, वेड लागलेल्यानं थोरामोठ्यांना तरी ऐकावं! साडूंना मोठं नाव चालत नाही. तबकडीच्या पाकिटावर ज्याचा फोटो मधोमध, त्याच्याकडं ते बघत नाहीत. त्यांचा जीव फोटोत अर्धा कापला गेलेल्या माणसावर. दिवसभर टपाल वाटून संध्याकाळी ट्रॉम्बोन वाजवणारा कुणी. एकच तबकडी काढून पुढं शाळेत शिकवत राहिलेली कुणी पियानोवाली. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या गाण्यांत सॅक्सोफोन वाजवूनही ज्याचं नाव कुठं छापून आलं नाही असा एक गोवेकर. दर रविवारी सकाळी मला समोर बसवून ते ही मंडळी ऐकवायचे. "साडूभाऊ, पुढच्याचं सोडा, तो काय पळून जात नाय. मागं ड्रमवर तारांचा ब्रश फिरवतोय त्याला ऐका. बाई सुपात ज्वारी पाखडती का नाय, तसं वाजवतोय. लई नाजूक!" मला वर्षानुवर्षं नुसती खरखर ऐकू यायची. मग एका रविवारी खरोखरच ज्वारी पाखडल्यासारखी ऐकू आली, आणि मी बिघडलो.

हीच नजर त्यांनी साऱ्या जगाला लावली. फर्दापूरला मुक्काम करून आम्ही अजिंठा बघायला गेलो, तर सगळे पद्मपाणीसमोर आणि हे कोपऱ्यात, अंधारात बुडालेल्या कुण्या वादकाच्या चित्राशी नाक लावून उभे. गाईड म्हणाला, "चाचा, असली चीज इधर है." "मालूम है," साडू म्हणाले, "उसकू देखनेवाले बहोत हैं. इसका कौन है?"

जॅझमध्ये एकेक वादक मधेच एकटा वाजवून घेतो, आणि त्याचं झालं की गाणं चालू असतानाच लोक त्याला टाळी देतात. साडूंनी ही रीत आमच्या शहराला लागू केली. भजनात पखवाजवाल्याला मधेच टाळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात झाड झालेल्या पोराला टाळी. एकदा तर शोकसभेत चौथ्या वक्त्याला टाळी दिली आणि वर शेजाऱ्याला सांगितलं, "आधीच्या तिघांपेक्षा हा बरा बोलला हो."

म्हणूनच आमच्या धाकट्या मेहुणीची मुलगी शुभा, तिच्या लग्नात जे झालं त्याचा दोष कुणाला द्यायचा हे कुणाला विचारावंही लागलं नाही. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट धरलेला होता, मुहूर्ताला अवकाश होता. तेवढ्यात वराकडचे एक अनोळखी म्हातारे मागून खर्जात एक मंगलाष्टक म्हणाले. आवाज फुटका, पण जमिनीतून आल्यासारखा. त्यांचं संपलं आणि टाळी पडली. एकाची ऐकून साऱ्यांनी वाजवली, अक्षता उडाल्या. टाळ्या म्हणजे लग्न लागलं, एवढंच बाहेरच्या बँडवाल्यांना माहीत. त्यांनी दणका सुरू केला. गडबडलेल्या नवरदेवानं अंतरपाटावरूनच शुभाच्या गळ्यात हार टाकला! सारा मांडव साडूंकडं वळला. साडूंनी हात जोडले. "चुकलं मंडळी."

तेव्हापासून शुभाकडं दूध उतू गेलं तरी ते त्या टाळीनं. जावयाची बदली झाली, तीही टाळीनं. मेहुणी साडूंच्या तोंडावर म्हणायची आणि साडू हसून ऐकून घ्यायचे. खरं म्हणजे ती टाळी माझी होती. साडूंचे हात जागचे हलले नव्हते. ते माझ्याकडं बघत राहिले होते, आपण लावलेल्या कलमाला पहिला आंबा धरावा तसे. आणि मी, घरात मान असलेला शहाणा जावई, गप्प बसलो. एवढी वर्षं.

यंदा शुभाच्याच मुलीचं लग्न निघालं. बैठकीत मेहुणीनं फर्मावलं, "मुहूर्ताच्या वेळी मुकुंदवाडीच्या भाऊजींना जेवणाच्या हॉलवर बसवा. पंगत बघतील." साडूंचा चेहरा मला बघवेना. अंगाखांद्यावर खेळवलेली पोर, आणि तिच्यावर अक्षता टाकायच्या नाहीत!

मी म्हणालो, "ती टाळी यांची नव्हती. माझी होती."

सारं घर हसत सुटलं. "बसा भाऊजी," मेहुणी म्हणाली, "साडूला वाचवताय व्हय?"

साडूही कमालीचे. "माझीच व्हती," ते ठासून म्हणाले. "यांना काय कळतंय त्यातलं?"

"कळतंय," मी म्हणालो. "तुम्हीच शिकवलं. त्या म्हाताऱ्यानं खालचा सूर धरला आणि माझे हात आपोआप उठले."

साडू माझ्याकडं बघत राहिले, त्या मांडवात बघितलं होतं तसेच. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक बघून घराला पटलं. शुभा म्हणाली, "आई, टाळी कुणाचीही असू दे. माझं लग्न काय वाईट लागलं का? दोघंही काका पुढच्या रांगेत बसतील."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "इतकी वर्षं का ऐकून घेतलंत?"

"तुमचं नाव निघालं असतं, तर तुमचा हात परत उठला असता का?"

परत तो कधी उठलाच नव्हता. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

साडूंना आता बोललेलं कसंबसं कळतं, पण बारीक सूर ऐकू येत नाहीत. रविवारी कोण काय वाजवतंय ते मी त्यांच्या कानाशी सांगतो. लग्नात आम्ही पुढच्या रांगेत बसलो. मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींच्या मागं एक मुलगी पेटीवर सूर धरून होती. तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. साडू तिच्याकडंच बघत होते. दोन ओळींच्या मधे तिनं हळूच एक सुरेख जागा घेतली. साडूंचे हात मांडीवर तसेच राहिले. मी त्यांचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर थाप दिली, बँडवाल्यांना ऐकू जाणार नाही इतकी हलकी.

"चांगलं वाजवलं का?" तिच्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"लई चांगलं," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"वाटलंच मला," साडू म्हणाले, आणि न ऐकू आलेल्या त्या सुरावर मान डोलवत राहिले.