खोटा ठरवलेला शिपाई

आजवर हे मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि तिच्यापासून मला साधी तंबाखूची पुडी लपवता आलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या स्वेटरांच्या मागे जे ठेवलंय, त्याच्याकडे बघायचं टाळून टाळून मी दमलोय, म्हणून असेल.

आधी माझं काम सांगतो. सणसवाडीला गाड्यांचे प्लॅस्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर नग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, कडा बघायच्या, रंग बघायचा. पेटीत एक नग वेगळ्या शेडचा निघाला की अख्खी पेटी रिजेक्ट. वर्षानुवर्षं हेच केलं की माणसाचा डोळाही तसाच होऊन बसतो. आणि नाद म्हणाल, तर सिनेमातल्या पात्रांचे पुतळे. वीतभर उंचीचे, हातपाय हलणारे, सोबत त्यांची हत्यारं, टोप्या, जादा हात. हसू नका. शिरूर-दौंडकडच्या पोरांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी काही नवं घेतलं की फोटो टाकतो आणि विचारतो, अस्सल हाय का? मग सगळे माझ्या उत्तराची वाट बघतात. मी ‘डुप्लिकेट’ लिहिलं की विषय संपला. हे मला फार आवडायचं — खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू, म्हणे.

माझे मामा न्हावऱ्याचे. त्यांचा मुलगा विलास माझ्याच वयाचा. मामा सौदीला ट्रेलर चालवायला गेले तेव्हा तो रांगत होता आणि कायमचे परत आले तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. मधे ते एकदाच सुट्टीवर आले, आणि येताना त्यांनी विलाससाठी एक पुतळा आणला. कुठल्याशा इंग्रजी सिनेमातला अंतराळातला शिपाई. डोक्यात शिरस्त्राण, अंगावर कापडी झगा, हातात बंदूक, आणि खोक्यात बदलून लावायला जादा हात. आमच्या भागात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं.

विलास मला त्याला हात लावू द्यायचा नाही. लांबनं बघ, म्हणायचा. माझे वडील तर इथेच होते, रोज संध्याकाळी घरी यायचे. मला कशाची कमी होती? तरी मी त्या पुतळ्यावर जळायचो. आणि विलासचं काय होतं? बापाचं म्हणून त्याच्याजवळ तेवढंच होतं. पोरं म्हणायची, तुझा बाप काय परत येत नसतो. मग तो खोकं काढून दाखवायचा. आपला बाप लांबच्या देशात मोठ्या दुकानात उभा राहिला आणि त्यानं आपल्यासाठी हे निवडलं — या एका गोष्टीवर तो पोरगा मोठा झाला. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी गावच्या यात्रेला आम्ही सगळे न्हावऱ्याला जमलो होतो. मटणाचं जेवण शिजत होतं, मंडपात पाव्हणे बसलेले. कुणीतरी माझ्या नादाचा विषय काढला आणि विलास हसत हसत आत जाऊन ते खोकं घेऊन आला. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, “हां, आता सांग सगळ्यांना. अस्सल माल कसा असतोय ते.”

पहिल्यांदाच तो माझ्या हातात आला. या वयात.

मी पेपर पसरला, एकेक वस्तू मांडली. सांधे हलवून पाहिले, डोळ्यांचा रंग पाहिला. सगळं ठीक होतं. मग झगा उलटला, तर काठाची शिवण हातानं घातलेली, दोराही वेगळा. लावलेला उजवा हात खोक्यातल्या जादा हातांपेक्षा फिका, आणि मनगटाच्या खाचेत काहीतरी तांबूस. शेड जुळत नाही. माझ्या डोक्यात पेटी रिजेक्ट झाली. खरं तर असा पुतळा पारखायचा, तर बूट काढून तळव्यावरचा कंपनीचा छाप बघायचा असतो. ग्रुपवर नव्या पोरांना हे मीच शिकवतो. पण बूट घट्ट होता, पंगत बसायला आली होती, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “डुप्लिकेट आहे.”

आणि सांगू का? म्हणताना मला बरं वाटलं.

मंडप हसला. कुणी म्हणालं, “मामा, सौदीवरनं आणला का शिरूरच्या बाजारातनं?” मामांना चिडणं माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “म्या तर मोठ्या दुकानातनंच घेतला व्हता.” विलास हसला नाही. त्यानं सगळं खोक्यात कोंबलं आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. “घेऊन जा. टाक तुझ्या कंपनीच्या भंगारात.”

निघताना मामी पिशवीत भाकरी बांधून द्यायला आल्या. खोकं बघून म्हणाल्या, “त्येचा झगा उंदरानं कुरतडला व्हता, म्याच शिवला बघ. आन् विलास त्येला दर दिवाळीला किल्ल्याच्या दारात उभा करायचा, पहारेकरी म्हणून. तुळशीच्या लग्नापर्यंत उन्हातच असायचा.”

तिथेच मला कळलं. दरवर्षी किल्ल्यावर पंधरा-पंधरा दिवस ऊन. डोक्यात शिरस्त्राण, अंगावर झगा, उघडा काय तो बंदूक धरलेला उजवा हात. तो विटणारच. जादा हात खोक्यात, अंधारात, ते कसे विटतील? आणि मनगटातलं तांबूस म्हणजे किल्ल्याची माती. दिवाळीत किल्ला मीही करत होतो ना? मग हे मला सुचू नये? मंडप दहा पावलांवर होता, माणसं अजून बसलेली होती. मी भाकरी घेतल्या आणि गाडीला किक मारली.

पुढच्या रविवारी बूट गरम पाण्यात धरून मऊ केला आणि काढला. तळव्यावर छाप होता. बारीक, सुबक, एकही अक्षर पुसट नाही. बंदूक त्याचीच, शिरस्त्राण त्याचंच, सगळे हात त्याचेच. माझ्याकडे आजवर आलेल्या पुतळ्यांत इतका अस्सल दुसरा नव्हता.

फोन उचलून विलासला सांगायचं, एवढंच होतं. पण मी त्या विटक्या हाताचा फोटो आधीच ग्रुपवर टाकून बसलो होतो — डुप्लिकेट कसा ओळखावा, याचा नमुना म्हणून. पोरांनी खाली अंगठ्यांची, टाळ्यांची चित्रं टाकली होती. आज सांगू, उद्या सांगू करत गेलो. दिवस गेले, मग सांगायची लाज वाटायला लागली. आणि तिकडे विलास बापाच्या एकेका गोष्टीवर शंका घेऊ लागला. सौदीला खरंच ट्रेलर चालवत होता का? सुट्टी मिळत नव्हती का नकोच होती? बापाशी बोलणं कमी झालं, मग नुसतं हूं-हूं उरलं. शेवटी मामींना न्हावऱ्यालाच ठेवून मामा एकटे दौंडला मुलीकडे राहायला गेले. लेकीच्या दारात राहणं आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला किती जड जातं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

इथवर जे सांगितलं, ते भित्रेपणाचं. त्याच्या पुढचं सांगायचं म्हणून तर बसलोय, आणि इकडचं तिकडचंच बोलतोय.

मी दौंडला त्यांना भेटायला गेलो होतो. मामा पार वाळले होते. चहा झाला, मामांची मुलगी आत गेली, आणि त्यांनी हळूच विचारलं, “ती बाहुली तू पुन्यांदा बघितलीस का रं?”

दुसऱ्या कुणी नाही, त्यांनी स्वतः विचारलं. खोलीत आम्ही दोघंच. हसणारं कुणी नव्हतं, ग्रुप नव्हता. एक ‘होय, अस्सल आहे मामा’ म्हटलं असतं, तर माझं काय गेलं असतं? मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “बघितली मामा. डुप्लिकेटच आहे.”

त्यांनी रिकामी कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “मग त्या दुकानदारानंच मला फसवलं म्हणायचं. मला वाचाय येत न्हाई, त्यानं दिलं ते घेतलं.” आणि माझा हात धरून म्हणाले, “विलासला एवढं सांग. बापानं फसवलं न्हाई म्हनावं, बाप फसला.”

मी हो म्हणालो.

तेही सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगितलं की विलास उठून दौंडला जाणार, बापलेक समोरासमोर बसणार, दुकानाचा विषय निघणार, आणि कुणीतरी म्हणणार — आण रं ती बाहुली, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. मामा त्याच साली गेले. विलास शेवटच्या दिवशी पोचला, तेव्हा त्यांची वाचा गेलेली होती.

वर्षश्राद्धाला न्हावऱ्याला गेलो. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंगतीत विलासनं मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. मग वाढपी पुढे सरकल्यावर खाली मान घालून म्हणाला, “बापाबद्दल मला खरं सांगणारा तू एकटाच निघालास. बाकी सगळ्यांनी मला येड्यात काढलं.” त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या पानात पोळी वाढली आणि वर तूप घातलं.

मी ती खाल्ली. त्यानं आणखी एक वाढली, तीही खाल्ली.